१५ ऑगस्टला चर्चमध्ये नेमकं काय असतं?

तुम्ही एका दमात तीन गोष्टी विचारल्या आहेत. १५ ऑगस्टला ख्रिस्ती लोक झेंडावंदन करतात की त्यांचा त्या दिवशी वेगळाच सण असतो? ख्रिस्ती मुलं राष्ट्रगीत म्हणत नाहीत हे खरं का? आणि तुम्हाला धर्म आधी की देश आधी? मी वसईचा कॅथोलिक आहे, तेव्हा उत्तर वसईच्या अंगणातूनच देणार.

सण असतो आणि झेंडावंदनही असतं. १५ ऑगस्ट हा येशूची आई पवित्र मरिया हिच्या स्वर्गोन्नयनाचा, म्हणजे ती देहासह स्वर्गात नेली गेली या श्रद्धेचा दिवस. १९५० साली पोप बारावे पायस यांनी ही श्रद्धा अधिकृत धर्मसिद्धान्त म्हणून घोषित केली, पण सण त्याच्या कितीतरी शतकं आधीपासूनचा आहे. स्वातंत्र्याची तारीख माउंटबॅटन यांनी ठरवली ती जपानच्या शरणागतीचा दुसरा वाढदिवस म्हणून, त्यात मरियामातेचा काही संबंध नव्हता. तरी आमच्याकडची म्हातारी माणसं 'आईनेच स्वातंत्र्य दिलं' असं म्हणतात, आणि मी काही त्यांना माउंटबॅटन समजावत बसत नाही. सकाळी मिसा (चर्चमधली आमची सामूहिक उपासना), ती संपली की शाळेच्या पटांगणात झेंडा, राष्ट्रगीत, मुलांची भाषणं, खाऊ. पावसाने पटांगणाचा चिखल केलेला असतो, त्यामुळे सणाच्या नव्या कपड्यांचं त्या दिवशी काही खरं नसतं.

त्या मिसेत शुभवर्तमानाचा, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्राचा, जो भाग वाचतात तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातलं मरियेचं स्तोत्र. गरोदर मरिया नात्यातल्या अलीशिबेला भेटायला जाते आणि तिथे देवाचे आभार मानते. पण आभार कसले मानते ते ऐका. देवाने सत्ताधाऱ्यांना गादीवरून खाली ओढलं, दीनांना वर उचललं, भुकेल्यांना पोटभर दिलं, धनवानांना रिकाम्या हाताने परत पाठवलं. स्वातंत्र्यदिनी, लाल किल्ल्यावरचं भाषण टीव्हीवर सुरू असेल त्या सुमाराला, देशभरातल्या कॅथोलिक चर्चमधून हा उतारा वाचला जातो. कुठल्याही पक्षाचं सरकार असो, उतारा तोच. आमची कृतज्ञता ही अशी आहे. ती देवाला उद्देशून आहे, त्यामुळे ती मानताना कुणाची खुशामत करावी लागत नाही, आणि जे अजून झालेलं नाही त्याची आठवणही त्यातच करून देता येते.

यातूनच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. बायबलमध्ये प्रेषित पौलाच्या नावे असलेल्या, त्याचा सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात सांगितलंय की राजांसाठी आणि सर्व अधिकाऱ्यांसाठी विनंत्या, प्रार्थना आणि उपकारस्तुती करा. तेव्हाचे राजे म्हणजे रोमचे सम्राट, ख्रिस्ती लोकांना सिंहापुढे टाकणारे. त्या लोकांनी सम्राटासाठी प्रार्थना केली, पण सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप जाळायला नकार दिला आणि त्यापायी जीव गमावले. आमच्या देशप्रेमाची हद्द मला तिथेच आखलेली दिसते. देशासाठी गुडघे टेकतो, देशापुढे टेकत नाही. यात देश दुय्यम ठरतो असं तुम्हाला वाटेल. मला उलट वाटतं: ज्याला आपण देव मानत नाही त्याच्या चुका आपल्याला दिसतात, आणि चुका दिसूनही त्याच्यासाठी रोज प्रार्थना करणं हे जास्त अवघड प्रेम आहे. (कॅथोलिक पंचांगात २६ जानेवारी हा याच तीमथ्याचा स्मरणदिन. प्रजासत्ताक दिनाला याहून योग्य संत शोधून सापडला नसता.)

आता राष्ट्रगीत. आम्ही म्हणतो, मोठ्याने म्हणतो, आमच्या गायकवृंदात तर ते चार सुरांत बसवण्याचा मोह आवरावा लागतो. तुम्ही ऐकलंय ते 'यहोवाचे साक्षीदार' या छोट्या पंथाबद्दल असणार. केरळमधली या पंथाची तीन भावंडं शाळेत राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, पण गायची नाहीत. त्यांना शाळेतून काढलं. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला: उभं राहून आदर दाखवला की अपमान होत नाही. हा पंथ आणि आम्ही यांच्यात श्रद्धेच्या बाबतीत फार अंतर आहे आणि त्यांचं न गाणं मला पटत नाही. पण ज्या देशाचं सर्वोच्च न्यायालय तीन शाळकरी पोरांच्या मूठभर पंथासाठी असा निकाल देतं, त्या देशाचं राष्ट्रगीत म्हणताना मला अभिमान वाटतो.

कृतज्ञतेबद्दल एक तक्रारही आहे, आणि ती आमच्याच लोकांबद्दल. स्वातंत्र्यदिनाच्या प्रवचनात काही फादर ख्रिस्ती समाजाच्या योगदानाची यादी वाचतात: इतक्या शाळा, इतकी इस्पितळं. जणू कुणीतरी दारात उभं राहून दाखला मागतोय. हिशेब मांडला की आभार संपतात. त्यातही वसईत 'तुम्ही पोर्तुगीजांचे' हा टोमणा ऐकलेला असतो, म्हणून आवाज आणखी चढतो. अहो, पोर्तुगीज १७३९ सालीच गेले, चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला तेव्हा. आम्ही इथेच राहिलो, शेतं कसत आणि मराठी बोलत.

याद्या नकोत म्हणतोय तरी एक नाव घेतो, कारण मराठी माणसाला ते ठाऊक असायला हवं आणि बहुतेकांना नसतं: काका बाप्टिस्टा. माझगावचे जोसेफ बाप्टिस्टा, लोकमान्य टिळकांचे वकील मित्र. १९१६ साली टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली तिचे अध्यक्ष टिळक नव्हते, बाप्टिस्टा होते. पुढे १९२५ मध्ये ते मुंबईचे महापौर झाले.

मला आभार मानायचे असतात ते मात्र दुसऱ्याच लोकांचे. संविधान सभेत, डिसेंबर १९४८ मध्ये, धर्मस्वातंत्र्याच्या कलमातला धर्मप्रसाराचा शब्द ठेवावा की काढावा यावर वाद झाला. तो ठेवावा म्हणून उभे राहिलेल्यांत कन्हैयालाल मुन्शी होते, हिंदू संस्कृतीचा कट्टर अभिमान असलेला माणूस. आज तो शब्द कलम २५ मध्ये आहे. तसंच, धार्मिक अल्पसंख्याकांसाठी कायदेमंडळात राखीव जागा असाव्यात की नाही हा प्रश्न होता, तेव्हा सभेचे उपाध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी, स्वतः बंगाली ख्रिस्ती, त्या जागा सोडून द्याव्यात या बाजूने बोलले. एकीकडून विश्वास ठेवला गेला, दुसरीकडून राखीव जागेचा आग्रह सोडला गेला. आज दोन्ही बाजूंना त्याची आठवण कमी आहे, हे मी नाकारत नाही. चर्चवर दगड पडल्याची बातमी येते त्या वर्षीही १५ ऑगस्टच्या मिसेत राज्यकर्त्यांसाठीची प्रार्थना वगळली जात नाही. त्या ओळीला 'हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक' म्हणताना कधीकधी जीभ अडते, पण म्हणतो.

प्रोटेस्टंट मंडळी स्वर्गोन्नयन मानत नाहीत, त्यामुळे अहिल्यानगरकडच्या वगैरे त्यांच्या चर्चमध्ये हा सण नसतो. तिकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांची भक्तिगीतं गातात. ती मात्र आम्हीही आनंदाने उसनी घेतो.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर येत्या १५ ऑगस्टला वसई-विरार पट्ट्यातल्या कुठल्याही चर्चमध्ये सकाळच्या मिसेला जा. मराठी मिसेची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा. मागच्या बाकावर बसलात तर कुणी काही विचारणार नाही. कम्युनियनला, म्हणजे पवित्र भाकर घ्यायला, लोक रांगेत पुढे जातील तेव्हा जागेवरच बसून राहा, ते फक्त कॅथोलिकांसाठी असतं. झेंडावंदनाला मात्र थांबा, आणि चिखलात चालतील अशा चपला घालून या.