वेठबिगार म्हणजे फुकट राबणारा?

प्रश्न असा आहे: वीटभट्टीवरून सोडवलेल्या कातकरी कुटुंबांना बातमीत ‘वेठबिगार’ म्हटलं होतं. पण त्यांनी बयाणा (हंगामाआधीची उचल) घेतला होता, दर आठवड्याला खर्चीही (घरखर्चाचे पैसे) मिळत होती. मग शब्द चुकला का?

शब्द बरोबर आहे. ‘फुकट’ हा अर्थ जुना. ‘वेठ’ संस्कृत ‘विष्टि’वरून आली, वाकाटक राजांच्या ताम्रपटांत दान दिलेलं गाव सर्व विष्टींतून मोकळं केल्याचा उल्लेख येतो, म्हणजे सक्तीचं काम करून घेणं हा तेव्हा राजाचा हक्कच होता. ‘बिगार’ फारसीतली. दोन्हींचा अर्थ एकच, धनदौलत असावी तसा हा जोडशब्द. (‘बिगारी’ मात्र पुढे बांधकामावर रोजाने काम करणारा झाला.)

राजाची वेठ गेली तरी सावकाराची राहिली. डहाणू-तलासरीकडे लग्नासाठी कर्ज काढलेला वारली बायकोसह मालकाकडे वर्षानुवर्षं राबे. त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५चा वारल्यांचा उठाव वेठीविरुद्ध होता तसाच या प्रथेविरुद्धही. लग्नगड्याच्या पोटाला मिळत होतं, पण सुटका नव्हती.

१९७६चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा हीच सुटका नसणं पकडतो. कर्जाच्या किंवा उचलीच्या बदल्यात दुसरीकडे कामाला जाता येत नाही, मोकळेपणी हिंडता-फिरता येत नाही किंवा किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबावं लागतं, यांतलं एक जरी असलं तरी ती वेठबिगारी. नुसती उचल घेतली म्हणून कुणी वेठबिगार होत नाही, तसाच सालगडीही आपोआप वेठबिगार ठरत नाही. ‘आज निघतो’ म्हटल्यावर त्याला जाऊ देतात का, हे विचारावं.

आणि खर्ची म्हणजे मजुरी नव्हे. ती मजुराच्या नावावर उचल म्हणून मांडली जाते. हंगामाअखेर हजार विटांच्या दराने हिशेब होतो, त्यातून बयाणा आणि खर्ची वजा होते, आणि वही मालकाकडे. मजुराकडे बाकी निघाली की पुढच्या हंगामात पुन्हा त्याच भट्टीवर.

म्हणूनच तक्रारीत हा शब्द लिहायलाच हवा. ‘मजुरीचा वाद’ लिहिलं तर थकलेल्या पैशांची तडजोड होते आणि कर्ज तसंच डोक्यावर राहतं. ‘वेठबिगारी’ लिहिलं तर जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्यांना चौकशी करावी लागते. वेठबिगारी ठरली की कायद्याच्या कलम ६ प्रमाणे ते कर्जच संपतं, आणि कलम १५ प्रमाणे ‘हे कर्ज वेठबिगारीचं नाही’ हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर येते. सोडवलेल्या माणसाच्या हातात मुक्ती प्रमाणपत्र पडलं पाहिजे. नवा बयाणा मागायला आलेल्या मुकादमाला दाखवायला तोच कागद लागतो.