अमेरिकेत वकील नीट लढला नाही म्हणून खुनाची शिक्षा रद्द होते का?

होते, पण क्वचित. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातल्या १९८४ च्या स्ट्रिकलंड केसपासून दोन गोष्टी दाखवाव्या लागतात, वकिलाने खरंच काम वाईट केलं आणि नीट केलं असतं तर निकाल वेगळा लागायची बऱ्यापैकी शक्यता होती. गाडी अडते ती दुसऱ्या गोष्टीपाशीच. खुनात दोषी ठरलेल्या बाल्टिमोरच्या अदनान सय्यदचं बघा ना, शाळेतली एक मुलगी सांगत होती की खुनाच्या वेळी तो माझ्यासोबत लायब्ररीत होता, आणि वकीलबाईंनी तिला साधा फोनसुद्धा केला नाही! त्यावरून २०१८ ला वरच्या कोर्टाने नवीन खटला द्या म्हटलं, पण २०१९ ला मेरीलँडच्या सर्वोच्च कोर्टाने ४-३ ने ते फिरवलं, म्हणे वकील चुकली पण ज्युरीचं मत त्या मुलीच्या साक्षीने बदललं नसतं. २०२५ ला शिक्षा कमी झाली ती वेगळ्याच कायद्याने, गुन्ह्याच्या वेळी तो १७ वर्षांचा होता म्हणून, कागदावर दोषी तो अजूनही आहेच.