आधी खुर्ची, मग काटा

लेकरा,

तुझा निरोप काल रात्री वाचला. ५२ वर्षांच्या काकू दोन महिने एक दिवस न चुकवता तुझ्या व्यायामाच्या सकाळच्या बॅचला येतात आणि वजनकाट्यावर उतरलं अर्धा किलो. त्यांचा मुलगा म्हणतो, मग फी कशाची भरायची? चौकातल्या जिमनं महिन्यात आठ किलोची पाटी लावलीय. आणि तू मला विचारतेस, काकूंना पंधरा दिवस नुसत्या सूप-ज्यूसवर ठेवू का, म्हणजे काटा तरी हलेल.

नको ठेवू. काटा हलेल, पण अंगातलं काय गेलं म्हणून हलला ते तो सांगत नाही. तिशी-चाळिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटत जातात. साठीनंतर तो वेग वाढतो, आणि ताकद तर स्नायूंपेक्षाही भरभर जाते. नुसतं खाणं तोडून वजन उतरवलं की उतरलेल्या वजनाचा जवळपास चौथा हिस्सा चरबीचा नसतो. आठ किलो उतरवले तर त्यातले दोन किलो असे, ज्यात स्नायूही आले. पुढे खाणं पूर्वीसारखं झालं की वजन परत चढतं, तेव्हा चढते ती मुख्यतः चरबी. असे दोन-तीन फेरे झाले की काट्यावर तोच आकडा राहतो आणि मांड्या मात्र वाळलेल्या. मग मोरीतून उठताना नळाला धरावं लागतं.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे, तू ते आधीही ऐकलंयस. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठता आलं पाहिजे. आधी खुर्ची, मग काटा.

पहिल्या दिवशी काकूंची खुर्चीची वेळ घेतली होतीस का? निरोपात कुठं दिसली नाही, म्हणजे घेतली नसणार. वजन मात्र तारखेसकट लिहून ठेवलंयस. चाचणी साधी आहे. ४३ ते ४५ सेंटिमीटर उंचीची, हात नसलेली खुर्ची पाठीमागं भिंतीला टेकवून ठेवायची. दोन्ही हात छातीवर आडवे. पूर्ण उभं राहायचं, पूर्ण बसायचं, असं पाच वेळा, जमेल तितक्या लवकर. आशियाई लोकांसाठी २०१९ साली ठरलेल्या निकषात १२ सेकंद किंवा जास्त लागले तर ते कमजोरीचं लक्षण धरतात. पाच वेळा उठताच आलं नाही, तर तेही लिही. तोही आकडाच आहे.

आता व्यायाम. तोही खुर्चीचाच, पण सावकाश. खुर्चीवर घडी घातलेल्या दोन गोधड्या ठेव, म्हणजे बैठक ५२-५५ सेंटिमीटरपर्यंत येते आणि दुखणारा गुडघाही कुरकुर न करता उठतो. खुर्चीच्या कडेला सरकून बसायचं. पाय खांद्याएवढे रुंद, टाचा गुडघ्याच्या थोड्या मागं. पुढं झुकायचं, इतकं की नाक पायाच्या बोटांच्या वर आलं पाहिजे, मग श्वास सोडत उठायचं. खाली येताना मनात एक, दोन, तीन मोजत यायचं आणि बूड गोधडीला हलकं टेकलं की परत उठायचं. आठ बैठका, दोन मिनिटं आराम, परत आठ, परत आठ. आठवड्यातून तीनदा, मध्ये एक दिवस मोकळा. शेवटची बैठक झाल्यावर अजून दोन-तीन निघाल्या असत्या असं वाटलं पाहिजे. दहा काढू शकली असती तर ते फार हलकं झालं.

तिन्ही वेळा बारा निघायला लागल्या की एक गोधडी काढ. मग दुसरी. मग पोटाशी दोन किलो ज्वारीची पिशवी धरायला दे, मग पाच किलोची. तुझ्या बॅचचं इथंच अडलंय, लेकरा. दोन महिने त्याच वीस बैठका, त्याच उंचीवरून, गाण्याच्या तालावर. ओझं वाढलं नाही तर स्नायूनं का वाढावं?

चुका कुठं होतात तेही बघ. उठताना गुडघे आत वळतात, बायकांचे जास्त. मांड्यांभोवती जुनी ओढणी सैल बांध आणि तिला बाहेर ताणायला सांग. काहीजणी खाली येताना धप्पकन बसतात. त्यात अर्धं काम वाया जातं आणि कमरेला हिसका बसतो. काहीजण दम कोंडतात, त्यानं रक्तदाब एकदम चढतो, म्हणून आकडे मोठ्यानं मोजायला लाव. मोजणाऱ्या माणसाला दम कोंडता येत नाही. प्लास्टिकची खुर्ची फरशीवर सरकते, म्हणून भिंत सोडायची नाही. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर हरकत नाही. गुडघा सुजला, किंवा त्याचं दुखणं दुसऱ्या सकाळपर्यंत राहिलं, तर उंची परत वाढव.

बाकीचं थोडक्यात. भिंतीवरचे जोर, ते सोपे झाले की ओट्यावर. दाराच्या कडीला रबरी पट्टा बांधून बसून मागं ओढणं. भिंतीला बोटं टेकवून टाचा उचलणं. एका पायावर दहा सेकंद, शेजारी खांब हवाच. आणि बादली उचलणं: पाठीला काठी लाव, डोकं, पाठ आणि माकडहाड तिन्ही काठीला टेकलेले ठेवून कमरेतून वाकायला शिकव, मग अर्धी बादली म्हणजे पाच किलो, मग पूर्ण. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी येत होतं तेव्हा तुझ्या बॅचमधल्या कितीतरी जणींनी टँकरपासून घरापर्यंत घागरी वाहिल्या असतील. वजन उचलणं त्यांना नवं नाही, सुटलेलं आहे.

चालणं हवंच, आठवड्याला दीडशे मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा चालीनं. चैत्र-वैशाखात सकाळी सातच्या आत घरात. पण नुसत्या चालण्यानं मांडी टिकत नाही. नवरात्रात तुळजापूरला पायी जाऊन आलो म्हणजे वर्षाचा व्यायाम झाला असं मानणारे भेटतील, त्यांनाही आधी खुर्चीवर बसव.

गोळ्यांचं विचारल्याशिवाय कुणालाही सुरुवात करून देऊ नकोस. मधुमेहाची ग्लिमेपिराइड गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर रक्तातली साखर घसरू शकते. व्यायामाआधी ती शंभराच्या खाली असली तर आधी काहीतरी खायला दे, आणि खिशात साखरेची पुडी ठेवायला लाव. नुसत्या मेटफॉर्मिननं ती भीती फारशी नसते, पण वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ कमी होऊ शकतं, पायाला मुंग्या येतात, तोल जातो. पाय उचलत नाही म्हणून आळशी म्हणण्याआधी ती तपासणी करून घ्यायला सांग. रक्तदाबाच्या मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉलसारख्या गोळीवर नाडी हवी तेवढी वाढत नाही, त्यामुळं घड्याळातल्या ठोक्यांवर भरवसा ठेवू नकोस. वरचा रक्तदाब १८० किंवा खालचा ११० च्या पुढं असेल त्या दिवशी व्यायाम नाही. जिना चढताना छातीत दडपण, जबडा किंवा डावा हात दुखणं, घाम फुटणं, यातलं काही सांगितलं की थेट डॉक्टर. तिथं तुझी हुशारी नको.

आणि बायकांना हेही विचार की पिशवी काढलीय का, कितव्या वर्षी, आणि सोबत अंडाशयंही काढली का. लाजू नकोस, आपल्याकडं हे विचारावंच लागतं. बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भपिशवी काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, तो आपल्याच शेजारचा. अंडाशयं लवकर गेली की पाळी एका दिवसात बंद झाल्यासारखं होतं, हाडं लवकर ठिसूळ होतात, चरबी पोटावर जमते. अशा बाईला सूप-ज्यूसवर ठेवणं म्हणजे आधीच कमी असलेल्या हाडा-मांसातून आणखी काढणं. तिला ओझ्याची सगळ्यात जास्त गरज असते आणि आपण तिलाच जपून बसवून ठेवतो.

खाण्याबद्दल तुला वाटतं तसं भाकरी बंद करायचं कारण नाही. काकूंच्या घरचा हिशोब मांड. चार माणसांत महिन्याला पाच लिटर तेलाचा कॅन संपत असेल तर माणशी रोज चाळीस मिली तेल, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास कॅलरी. तो तीन लिटरवर आणला की माणशी सव्वाशे-दीडशे वाचतात. दिवसाला पाच कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. एक चमचा केला की शंभर वाचतात. संध्याकाळचं मूठभर फरसाण पन्नास ग्रॅम भरतं, म्हणजे अडीचशेच्या वर. झाल्या पाचशे. ताटाला हातही लावला नाही.

उलट ताटात भर घालायचीय. एवढ्या वयात प्रथिनं वजनाच्या दर किलोमागं एक ते सव्वा ग्रॅम हवीत. वजन जास्त असेल तर ते धरू नकोस, उंचीला शोभेल ते धर. काकूंना साठ धरले तर रोज साठ ते पंचाहत्तर ग्रॅम. आता सकाळी त्या काय खातात? सुशीला, म्हणजे फोडणीचे चुरमुरे, आणि चहा. चुरमुऱ्यात काय आहे? सकाळी दोन अंडी किंवा चाळीस ग्रॅम मुगाचं धिरडं, सोबत वाटीभर दही: १४-१५ ग्रॅम. दुपारी ज्वारीच्या दोन भाकरी, म्हणजे १२०-१२५ ग्रॅम पिठाच्या, आणि चाळीस ग्रॅम तुरीचं घट्ट वरण, वाटीभर दही: पंचवीसच्या आसपास. पळीला धार लागते असं वरण असेल तर त्यात पाणीच जास्त, हे बघून घे. रात्री एक भाकरी आणि तीस ग्रॅम कोरड्या सोयावड्यांची भाजी: वीसच्या वर. चमचाभर शेंगदाण्याची चटणी आणि एक कप दूध धरलं की सत्तर झाले. अख्खा लातूर जिल्हा सोयाबीन पिकवतो, आडतीवर घालतो आणि घरी खात नाही, याचं मला फार वाईट वाटतं. हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ, सगळं आपलंच आहे. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, भज्जीत वाल, हरभरा, तुरीचे दाणे पोटभर खातो, तसं आठवड्यातून दोनदा का नाही?

ज्यांची मूत्रपिंडाच्या तपासणीतली क्रिएटिनिन वाढलेली असेल त्यांची प्रथिनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नकोस. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याऐवजी दही, दूध, शेंगदाणे, राजगिरा. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च. आणि २०२५ पासून वेगोवी, मौंजारोसारखी वजनाची इंजेक्शनं आपल्याकडंही आलीत. कुणी डॉक्टरांच्या सांगण्यावरून घेत असेल तर अडवू नकोस, पण त्यात भूक मरते, खाणं बरंच कमी होतं, म्हणून त्यांना खुर्ची दुप्पट महत्त्वाची.

माझा राग तुझ्यावर नाही गं. सुरुवातीची बरीच वर्षं मीही काट्यालाच मान दिला. महिन्यात पाच-सहा किलो उतरवून देण्यात भूषण वाटायचं, आणि त्या बायकांच्या मांड्यांचं काय झालं ते मी मोजलंच नाही. ते मोजायचं राहिलं याची खंत जात नाही. म्हणून आता या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. हट्टी म्हणतात, म्हणू देत. नंतर काट्यासाठी आलेली माणसं काट्यापायी निघून गेली, फी कमी आली, तरी त्यांना धरून ठेवायला मी उपाशी ठेवायची वाट धरली नाही. ते चुकलं असं मला आजही वाटत नाही.

मुलाला काय सांगायचं, तर खरं ते. व्यायाम नवा असला की स्नायू पाणी धरून ठेवतात, त्यामुळं पहिले काही आठवडे काटा खोटं बोलतो. एरवीही वजन दिवसात किलोभर वर-खाली होतं. खाण्याचा हिशोब जमला तर महिन्याला एक-दीड किलो उतरणं चांगलं, त्याहून घाई नको. आणि कमी झालेला एक किलो चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचं चार किलोंचं ओझं कमी करतो. कंबर मोज: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, साधा श्वास सोडल्यावर, साडीच्या निऱ्यांवरून नाही. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९० ही मर्यादा. तुझं ते चरबी दाखवणारं मशीन पाणी प्यायलं तरी आकडा बदलतं, ते दाखवून कुणाला घाबरवू नकोस.

उद्या सकाळी काकू आल्या की आधी खुर्ची मांड. हात छातीवर, पाच वेळा, सेकंद लिहून ठेव. मग कंबर. घरी तेलाचा कॅन किती दिवस पुरतो ते विचार. चार आठवड्यांनी तीच खुर्ची, तीच वेळ, परत पाच वेळा, आणि मला सेकंद कळव. वजन कळवू नकोस.

तुझी मावशी