बॉक्सिंगमध्ये वजन आदल्या दिवशी घेणं ही फसवणूक नाही का?

तुमचा प्रश्न असा आहे: प्रोफेशनल बॉक्सिंगमध्ये वजन आदल्या दिवशी घेतात आणि बॉक्सर दुसऱ्या दिवशी पाच-सात किलोनं जड होऊन रिंगमध्ये उतरतो, ही फसवणूक नाही का? विनेश फोगाटला १०० ग्रॅमसाठी बाद केलं, मग इथं का करत नाहीत? आणि त्याला जोडून विचारलंय की बॉक्सिंगच्या निकालांवर एवढी भांडणं का होतात.

मी कोल्हापूरचा. शाळा-कॉलेजची सहा वर्षं तालमीत काढली. आता बॉक्सिंग फक्त बघतो, पण मन लावून बघतो. थेट उत्तर आधी देतो. फसवणूक नाही. नियमच तशी मुभा देतो, आणि समोरचाही बहुतेक वेळा तेच करून आलेला असतो. पण नियमाची नजर भलतीकडं आहे. सगळे किलो आणि ग्रॅम मोजतात, अंगात पाणी किती उरलंय हे कुणी बघत नाही. खरा धोका तिथं आहे.

विनेशचं आधी सांगतो, कारण तिथूनच सगळ्यांच्या मनात गोंधळ झालाय. पॅरिसमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये ती ५० किलो गटात लढली. कुस्तीत २०१८ पासून लढतीच्या दिवशी सकाळीच वजन होतं, आणि स्पर्धा दोन दिवस चालत असेल तर दुसऱ्या सकाळी पुन्हा. पहिल्या सकाळी ती ४९.९ किलो भरली. दिवसभरात तीन कुस्त्या, त्यात आंतरराष्ट्रीय मैदानात तोवर कुणी न हरवलेली जपानची युई सुसाकी तिनं पाडली. संध्याकाळपर्यंत खाऊन-पिऊन वजन ५२.७ वर गेलं. रात्रभर पळाली, घाम काढला, केस कापले, तरी सकाळी १०० ग्रॅम जास्त. फायनल गेली, रौप्यही गेलं. नियमात तसंच लिहिलेलं होतं, आणि क्रीडा लवादानंही अपील फेटाळलं.

आता दुसरं टोक बघा. एप्रिल २०२५ मध्ये लंडनला क्रिस युबँक ज्युनियर आणि कॉनर बेन यांची लढत होती, मर्यादा १६० पौंड, म्हणजे साधारण ७२.६ किलो. युबँक ०.०५ पौंड जास्त भरला, म्हणजे जेमतेम २३ ग्रॅम. त्याला पावणेचार लाख पौंड दंड झाला, आणि दुसऱ्या दिवशी लढत ठरल्याप्रमाणं झाली. प्रोफेशनल बॉक्सिंग हा दोन बाजूंमधला करार आहे. वजन चुकलं तर पैसे कापले जातात, किताब पणाला असेल तर जास्त भरलेल्याला तो जिंकता येत नाही. पण समोरचा तयार असेल तर लढत उभी राहते. तिकिटं विकलेली असतात, टीव्हीचे पैसे अडकलेले असतात. ऑलिम्पिकमध्ये असा करार नसतो, नियमाबाहेर गेलं की संपलं. तुमच्या ‘इथं का नाही’चं उत्तर एवढंच आहे.

पण तुम्ही ज्याला फसवणूक म्हणता, ते वजन उतरवणं आतून कसं असतं ते सांगतो.

अकरावीत होतो. जिल्ह्याची शालेय कुस्ती, ५५ किलो गट. माझं वजन साडेअठ्ठावन्न आणि हातात तीन दिवस. पहिल्या दिवशी अर्धी भाकरी आणि ताक. दुसऱ्या दिवशी काहीच नाही, स्वेटरवर रेनकोट चढवून रंकाळ्याला दोन फेऱ्या. रात्री तालमीतल्या पेटत्या बंबाशेजारी घोंगडं पांघरून बसलो. तोंडात लिंबाची फोड ठेवायची, सुटलेली लाळ स्टीलच्या पेल्यात थुंकायची आणि पेला किती भरला ते बघत राहायचं. मध्यरात्रीनंतर घाम यायचाच थांबला. सकाळी काट्यावर बरोबर ५५ भरलो आणि जग जिंकल्यासारखं वाटलं. लगेच तांब्याभर लिंबू-साखरेचं पाणी आणि चार केळी, अर्ध्या तासात सगळं उलटून पडलं. दोन तासांनी मॅटवर उतरलो तर पोटऱ्यांत गोळे आले होते. समोरच्या पोरानं पट काढला आणि मी नुसता बघत राहिलो. दीड मिनिटात खेळ संपला.

वस्ताद ओरडले नाहीत. बाकावर बसवलं, माझ्या हाताची मागची कातडी चिमटीत धरून उचलली आणि सोडली. ती तंबूसारखी तशीच उभी राहिली, बसायला वेळ लागला. म्हणाले, “बघ. रक्त आटलंय तुझं. याच्यात कुस्ती हुत नाही.”

कुस्तीत डोक्यावर ठोसे बसत नाहीत, म्हणून मी पोटऱ्यांच्या गोळ्यांवर सुटलो. बॉक्सिंगमध्ये त्याच अवस्थेतला माणूस बारा फेऱ्या डोक्यावर मार खातो. पाणी पोटात पाच मिनिटांत जातं, पण रक्तात, स्नायूंत आणि त्याहून आत मुरायला वेळ लागतो. म्हणूनच पूर्वी लढतीच्याच दिवशी होणारं वजन १९८० च्या दशकात आदल्या दिवसावर सरकलं. त्या दशकाच्या सुरुवातीला, नोव्हेंबर १९८२ मध्ये, लास व्हेगासला कोरियाचा किम दुक-कू चौदाव्या फेरीत पडला आणि काही दिवसांत वारला. लाइटवेटच्या १३५ पौंडांत बसायला त्याला झगडावं लागलं होतं. त्यानंतर पंधरा फेऱ्यांच्या बारा झाल्या. तेव्हा ‘लढतीच्या दिवशीच वजन घ्या, आपोआप सरळ होतील’ असं कुणी म्हणालं की मला माझा तो पेला आठवतो. सरळ होत नाहीत हो. पोरं तरीही उतरवतात आणि कोरड्या अंगानं लढतात.

उलट आदल्या दिवशीच्या वजनानं दुसरा घोळ झाला. मध्ये चोवीस तासांहून जास्त वेळ मिळाला, तशी अजून जास्त उतरवायची चटक लागली. याचं सगळ्यात वाईट उदाहरण फेब्रुवारी २००० मधलं, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधलं. आर्तुरो गाटी आणि जोई गमाश, मर्यादा १४१ पौंड. लढतीच्या रात्री टीव्हीवाल्यांच्या काट्यावर गाटी १६० भरला आणि गमाश १४५. दोघांत पंधरा पौंडांचा, म्हणजे जवळपास सात किलोंचा फरक. दुसऱ्या फेरीत गमाश असा पडला की मेंदूला इजा झाली आणि पुन्हा कधी लढला नाही. गाटी आदल्या दिवशी १४१ भरला तरी होता का, इथूनच वाद होता. गमाश कोर्टात गेला. वजन घेताना हलगर्जीपणा झाला हे कोर्टानं मान्य केलं, पण इजा त्यामुळंच झाली हे सिद्ध झालं नाही. तुमचा फसवणुकीचा आक्षेप कुठं खरा ठरत असेल तर तो या लढतीत.

यावर तोडगे निघालेत. आयबीएफ या जागतिक किताब देणाऱ्या संघटनेनं बरीच वर्षं किताबाच्या लढतीत दुसऱ्या सकाळी पुन्हा वजन घेतलं, मर्यादेपेक्षा १० पौंडांहून जास्त चालायचं नाही. ऐकायला छान वाटतं, आणि बरीच वर्षं मलाही हेच बरोबर वाटायचं. आता वाटत नाही. युबँकच्या करारातही तशीच १० पौंडांची अट होती. मोठ्या अंगाचा माणूस आधी सुकून १६० ला येणार, आणि नंतर त्याला पोटभर पाणी पिऊ द्यायचं नाही, कारण सकाळी परत काटा आहे. म्हणजे तो कोरडाच रिंगमध्ये जाणार. युबँक जिंकला, तिन्ही जजांनी ११६-११२ दिलं, पण नंतर त्याला रुग्णालयात न्यावं लागलं. आग विझवायची तर पाण्याचा नळच बंद केला, असं झालं हे.

माझ्या मते खरी तपासणी आधी व्हायला पाहिजे. डब्ल्यूबीसी ही किताब देणारी दुसरी संघटना ३० दिवस आधी वजन बघते, तेव्हा मर्यादेपेक्षा १० टक्क्यांहून वर असता कामा नये, आणि ७ दिवस आधी ५ टक्क्यांहून वर नको. शेवटच्या दोन दिवसांत पाणी काढण्याची वेळच येऊ नये, हा त्यामागचा विचार. त्याच्याही पुढचं पाऊल अमेरिकेतल्या कॉलेज कुस्तीनं टाकलं. १९९७ च्या शेवटी तिथं दीड महिन्याच्या आत तीन पोरं वजन उतरवताना मेली. मग त्यांनी सौना आणि रबरी सूट बंद केले, आणि हंगामाच्या सुरुवातीला लघवी तपासून, अंगात पुरेसं पाणी असताना कुणी कमीत कमी किती वजनावर लढायचं ते ठरवून टाकलं. बॉक्सिंगमध्ये पैसा इतका आहे, मग ही एक तपासणी सगळीकडं सक्तीची करायला कसली अडचण? वस्तादांनी चिमटीनं जे बघितलं, तेच तिथं यंत्रानं बघायचं.

आमच्या मातीच्या मैदानात काटा नसतो, हेही इथं सांगायला हवं. गावच्या जत्रेत पोरं लंगोट लावून रांगेत उभी राहतात, आणि जाणती माणसं दोघांना समोरासमोर उभं करून मान, खांदे, उंची बघतात, मागं कुणाशी लढलाय ते विचारतात आणि जोड लावतात. त्यात वशिला चालतो, चुकाही होतात. पण कुणी पोरगं त्यासाठी स्वतःला सुकवून घेत नाही. खासबागेत लहानपणी बघितलेल्या कितीतरी जोडी वजनानं कमी-जास्त असतील, पण दोघांच्या अंगावर तेज असायचं.

आता निकालांची भांडणं. मातीतली निकाली कुस्ती हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत चितपट होते, तिथं वादाला जागा फार कमी. गुण आले की वाद आला. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरीत आमच्या गंगावेश तालमीचा सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीत महेंद्रच्या ‘बाहेरची टांग’ या डावाला ४ गुण दिले, आणि ते चारच का, यावर महिनाभर गंगावेशच्या दूध कट्ट्यापासून बिंदू चौकापर्यंत दुसरा विषय नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सिकंदरनं ती गदा जिंकली, तेव्हा कुठं लोक शांत झाले.

बॉक्सिंगमध्ये तर प्रत्येक फेरी वेगळी मोजतात. फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला बहुधा ९, खाली पडला तर ८. केसभर फरकानं जिंकलेली फेरी १०-९ आणि समोरच्याला तीन मिनिटं झोडपून जिंकलेली फेरीही १०-९. म्हणून एखाद्यानं पाच फेऱ्या दणदणीत जिंकल्या आणि सात फेऱ्या थोडक्यात हरला, तर बघणाऱ्याला तो जिंकल्यासारखा वाटतो आणि कागदावर हरलेला असतो. बरेच वाद इथले असतात, त्यात लबाडी नसते. त्यात तीन जज रिंगच्या तीन बाजूंना बसतात. एकाला जो ठोसा लागलेला दिसतो, दुसऱ्याला तिथं फक्त बॉक्सरची पाठ दिसते.

पण काही आकडे यातही बसत नाहीत. सप्टेंबर २०१७ मध्ये कॅनेलो आणि गोलोव्हकिन लढले. एका जजनं गोलोव्हकिनला ११५-११३ दिलं, दुसऱ्यानं ११४-११४, आणि अ‍ॅडलेड बर्डबाईंनी कॅनेलोला ११८-११०. बारापैकी दहा फेऱ्या कॅनेलोच्या! आम्ही मित्रांनी नंतर ती लढत आवाज बंद करून बघितली, प्रत्येकाच्या हातात कागद. चौघांपैकी दोघांना गोलोव्हकिन वाटला, एकाला बरोबरी, एकाला कॅनेलो एका फेरीनं. दहा फेऱ्या कुणालाच सापडल्या नाहीत. तुम्हीही आवाज बंद करून बघा. समालोचक कुणाच्या बाजूनं बोलतोय यावर आपला डोळा किती हलतो, ते कळेल.

कधी कधी वजन आणि निकाल एकाच लढतीत गुंततात. एप्रिल २०२४ मध्ये ब्रुकलिनला रायन गार्सिया १४० पौंडांच्या लढतीला ३.२ पौंड जास्त भरला, जवळपास दीड किलो. डेव्हिन हेनीनं तरी लढायचं ठरवलं. गार्सियानं त्याला तीनदा पाडलं आणि जिंकला. पुढं गार्सियाच्या चाचणीत ऑस्टरिन हे बंदी असलेलं औषध सापडलं, वर्षभराची बंदी आली आणि निकाल रद्द झाला. हेनीच्या खात्यात तो पराभव आता नाही, पण ते तीन फटके त्यानं खाल्लेले आहेत, ते कुठं पुसले जाणार?

शेवटी तुम्ही निशांत देवबद्दल विचारलंय, तो टिकेल का म्हणून. पॅरिसला ७१ किलोच्या उपांत्यपूर्व फेरीत तो मेक्सिकोच्या मार्को वेर्देकडून ४-१ असा हरला. पहिली फेरी बघून मला तो पदकात वाटला होता, आणि त्या निकालावर मी अजूनही भांडायला तयार आहे. जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासला तो प्रोफेशनल झाला आणि पहिली लढत पहिल्याच फेरीत संपवली. मला त्याची सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तो १५४ पौंडांत लढतोय, म्हणजे ६९.९ किलो, ऑलिम्पिकच्या गटापेक्षा किलोभरच खाली. ऑलिम्पिकमध्ये प्रत्येक लढतीच्या सकाळी वजन द्यावं लागतं, त्यामुळं खऱ्या वजनाजवळ राहायची सवय त्याच्या अंगात आहे. आता त्याला कुणी १४७ ला उतर म्हणायला लागलं तर मला काळजी वाटेल. त्याच्या वजनाचा व्हिडिओ आला की मी पोटाचे कप्पे बघत नाही. ओठ फुटलेत का, गाल आत गेलेत का, काट्यावर चढताना पाय हलतोय का, हे बघतो. पहिल्या लढतीच्या वेळी यातलं काहीच दिसलं नव्हतं.