वडिलांच्या पायाची रक्तवाहिनी बंद आहे, स्टेंट घालावा का? किती वर्षं टिकतो?

जखम आहे ना? मग घाला. वर्षांचा हिशोब नंतर करू. (स्टेंट म्हणजे रक्तवाहिनी आतून उघडी धरणारी धातूच्या जाळीची नळी.)

तुम्ही लिहिलंय की वडील सत्तरीच्या पुढचे, मधुमेह जुना, मांडीतली रक्तवाहिनी बंद, करंगळीजवळची जखम भरत नाही, आणि राजापूरचे नातेवाईक म्हणतात, ‘या वयात स्टेंट कशाला, तो टिकत नाही.’ हे वाक्य वाचलं आणि उत्तर लिहायला बसले. माझ्या मोठ्या चुलत भावाने हेच वाक्य बाबांच्या खाटेशी उभं राहून, बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं होतं.

आम्ही देवगड तालुक्यातले. बाबांचं आयुष्य कलमांत गेलं. घरापासून बागेपर्यंत कातळाची चढण, ती ते एका दमात चढायचे. मग प्रत्येक गडग्याशी टेकायला लागले. पोटरी आवळून यायची, जरा बसलं की सुटायची, तेवढंच अंतर गेलं की पुन्हा तेच. ‘वाताचा आसा,’ म्हणायचे आणि आई तेल चोळून द्यायची. पुढे रात्रीही दुखायला लागलं. पाय खाटेखाली सोडला की बरं वाटायचं, म्हणून आरामखुर्चीतच झोपायचे. नडगीवरचे केस गेलेले, कातडी चकचकीत, नखं जाड झालेली. रक्त खाली पोचत नसल्याची ही सगळी लक्षणं उघड्या डोळ्यांना दिसणारी आहेत.

वहाणेचा पट्टा घासून बोटाला जखम झाली, बोट काळं पडलं. आम्ही जवळच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. तिथे कुणी पावलावर बोट ठेवून नाडी बघितली नाही, डॉपलर, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह बघायची तपासणी, केला नाही. थेट बोट काढलं. रक्तच येत नाही तिथे टाके कसे धरणार? कडा काळ्या पडत गेल्या, आणि मग सांगितलं की आता गुडघ्याखालून काढू. बाबा एवढंच म्हणाले, ‘बोट गेला तां गेला, पाय मी देवचंय नाय.’

तेव्हा त्या चुलत भावाने, दादाने, ते भाषण केलं. काका एवढे म्हातारे, पाय काढून मोकळे होऊया, स्टेंट म्हणजे डॉक्टरांचा धंदा, हृदयाचं सामान पायात घालतात आणि दोन वर्षांत परत बंद. खरं कारण वेगळं होतं. बाग सामायिक, सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं, आणि पैशासाठी आमच्या वाटणीची कलमं कराराने द्यायची तर त्याची सही लागत होती. ती शेवटी आईने मिळवली, कशी ते इथे लिहीत नाही.

वैभववाडीवरून करूळ घाट चढून आम्ही कोल्हापूर गाठलं. तिथल्या व्हॅस्क्युलर सर्जननी, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांनी, पहिलं काय केलं असेल, तर दोन्ही पायांच्या नाड्या हाताने चाचपल्या. मग घोट्याचा रक्तदाब मोजून त्याला दंडाच्या रक्तदाबाने भागलं. हा आकडा 0.9 च्या खाली आला की अडथळा धरतात. बाबांचा 1.4 च्या वर आला. दादा लगेच म्हणाला, बघा, नॉर्मलपेक्षा चांगला आहे! डॉक्टरांनी समजावलं की जुन्या मधुमेहात रक्तवाहिनीच्या भिंतीत कॅल्शियम बसतं, ती पट्ट्याने दबतच नाही, म्हणून आकडा खोटा फुगतो. मग पायाच्या अंगठ्यातला दाब घेतला, तो अगदीच कमी निघाला. तुमच्या वडिलांनाही मधुमेह आहे, तेव्हा घोट्याच्या आकड्यावर कुणी निर्धास्त केलं तर होऊ नका, अंगठ्यातला दाब मोजायला सांगा.

अँजिओप्लास्टी, म्हणजे बंद रक्तवाहिनी आतून फुग्याने उघडणं, जांघेतून झाली, तीही दुसऱ्या पायाच्या. पोटात जिथे मुख्य रक्तवाहिनीचे दोन फाटे होतात तिथून तार वळवून या पायात उतरवली. भूल फक्त टोचलेल्या जागेपुरती, त्यामुळे बाबा पूर्ण जागे. तिथली सिस्टर नंतर सांगत होती की ते मधूनमधून डॉक्टरांना विचारत होते, ‘रगत गेला काय ओ खाली?’ मांडीत स्टेंट बसला. गुडघ्याखालच्या बारीक नळ्या नुसत्या फुग्याने उघडल्या, तिथे शक्यतो स्टेंट घालत नाहीत. गुडघ्याच्या मागेही टाळतात, कारण पाय दुमडला की तो तिथे चेमटतो, मोडतो. मांडीतला स्टेंट निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूचा असतो. तो आपोआप उघडतो आणि दाबला तरी पुन्हा आकार घेतो. म्हणजे ‘हृदयाचं सामान पायात’ हे साफ खोटं.

इतिहास तर उलटाच आहे. चार्ल्स डॉटर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने 1964 मध्ये पोर्टलंड इथे पहिली अँजिओप्लास्टी केली ती पायावर. बाई 82 वर्षांच्या होत्या, पायाला गँगरीन सुरू झालेलं, आणि पाय कापायला त्यांनी ठाम नकार दिला होता. त्यांचा पाय वाचला. हृदयाच्या रक्तवाहिनीत फुगा गेला तो 1977 मध्ये, झ्युरिकला. ‘या वयात कशाला’ म्हणणाऱ्यांना हे सांगा. या इलाजाची सुरुवातच तुमच्या वडिलांपेक्षा मोठ्या वयाच्या पायावर झाली आहे.

दुसऱ्या दिवशी सिस्टरने पावलावर जेल लावून छोटं डॉपलर धरलं. आदल्या दिवशी त्यातून नुसती खरखर ऐकू आली होती. आता ठोके येत होते, स्पष्ट, एकामागून एक. आई पदर तोंडाला लावून ऐकत राहिली. जखम भरायला बरेच महिने गेले, पण भरली. बोट नाही, पाऊल आहे.

आता टिकण्याबद्दल. बाबांचा स्टेंट वर्षभराने पुन्हा अरुंद झाला आणि परत फुगा मारावा लागला. गणपतीत सगळ्या भावकीसमोर दादा म्हणाला, ‘सांगितलं होतं की नाही?’ त्याला तिथेच दिलेलं उत्तर तुम्हालाही देते. स्टेंट घातला तो जखमेपर्यंत रक्त न्यायला. भरायची जखम जास्त रक्त मागते, भरलेली कातडी थोडक्यावर भागवते. नळी नंतर थोडी आवळली म्हणून भरलेली जखम सहसा उघडत नाही. कापलेला पाय मात्र किती वर्षं टिकतो, हे दादाने अजून सांगितलेलं नाही. ओटीपोटातल्या मोठ्या नळीतला स्टेंट बरीच वर्षं चालतो. मांडीतला पहिल्या वर्षातच अरुंद व्हायची शक्यता बऱ्यापैकी असते, म्हणून ठरलेल्या वेळी डॉपलर चुकवू नका. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या दात काढायला म्हणूनसुद्धा स्वतःहून बंद करायच्या नाहीत. कोलेस्टेरॉल नॉर्मल असलं तरी स्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी चालू ठेवतात, ते ठेवू द्या. आणि बिडी, तंबाखू, मिश्री सगळं बंद. बाबांनी बिडी सोडली नसती तर तो स्टेंट त्याआधीच बंद पडला असता असं डॉक्टरांचं म्हणणं होतं.

पैशाचं: 2017 मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतीला मर्यादा घातली ती हृदयाच्या स्टेंटला. दादा त्या बातमीचं कात्रण घेऊन आला होता, त्याचा इथे उपयोग नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे त्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला भरती व्हायच्या आधी विचारा.

मी डॉक्टर नाही, प्राथमिक शिक्षिका आहे, तेव्हा हेही वाचा. जखम नसेल आणि फक्त चालताना दुखत असेल तर स्टेंटची घाई नको. आधी रोजचं चालणं: दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं, आणि हे किमान तीन महिने. पुष्कळांचं अंतर त्यानेच वाढतं. वडिलांची स्वतःची पायातली शीर चांगली असेल तर बायपासबद्दलही विचारा, म्हणजे ती शीर वापरून अडथळ्याला वळसा देऊन रक्त खाली नेणारं ऑपरेशन. 2022 मध्ये आलेल्या बेस्ट-सीएलआय या मोठ्या अभ्यासात अशा रुग्णांमध्ये बायपासचे निकाल सरस ठरले. क्रिएटिनिन ही किडनीची रक्ततपासणी आधी बघून घ्या, अँजिओत रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून सोडतात ते औषध किडनीवर जातं. पू वर चढत असेल, ताप असेल, तर तो आधी मोकळा करावाच लागतो, तिथे थांबायचं नाही. आणि पाय अचानक गार, पांढरा पडून असह्य दुखू लागला तर ते काही तासांचं काम आहे. सरळ 108 बोलवा, सकाळची वाट बघू नका.

कापायचा सल्ला कुणीही दिला तर आधी विचारा, ‘रक्त किती पोचतंय ते बघितलं का?’ उत्तर नाही आलं तर सही करू नका, दुसऱ्या ठिकाणी न्या. अँजिओची सीडी मागून घ्या. पुढच्या डॉक्टरला नुसता रिपोर्टचा कागद पुरत नाही.