शुकशुकाट कुठे वापरावा?

इंदूरमध्ये हिंदीत वाढून आता मराठीत लिहायला घेतलंस, हे झकास. निर्जीव, थंडावलेल्या वातावरणासाठी सुरुवातीला 'शुकशुकाट' हा एकच शब्द नीट पकड.

जिथे एरवी वर्दळ असते, तिथेच शुकशुकाट असतो. सराफ्यात दिवसा दागिन्यांची दुकानं, ती बंद झाली की खाण्याची झुंबड. तिथे एखाद्या रात्री मुसळधार पाऊस झाला आणि कुणी फिरकलं नाही, तर 'सराफ्यात शुकशुकाट होता'. इंदूरजवळच्या पातालपानीच्या जंगलात मात्र शुकशुकाट नसतो. तिथे गर्दीची अपेक्षाच कुठे होती? ते 'निर्जन'.

आपल्याकडच्या नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- 'शुकशुकाट छावला'. हे हिंदीतलं 'छा गया'. मराठीत शुकशुकाट पसरतो, किंवा नुसता असतो.
- 'मला शुकशुकाट वाटतोय'. माणसाला येते ती मरगळ, आणि ती झटकायची असते.
- 'धंद्यात शुकशुकाट आहे'. दुकानात गिऱ्हाईक नाही असं म्हणायचं असेल तर 'दुकानात शुकशुकाट' बरोबर. एकूण व्यापार थंड असेल तर मंदी.

'निष्क्रिय' जपून वापर. बँक खातं, समिती, हेलियमसारखा वायू यांना तो शोभतो. 'गल्ली निष्क्रिय होती' वाचलं की मला सरकारी परिपत्रक आठवतं!

सामसूम, सुनसान, नीरव यांच्या छटा सध्या राहू देत. आधी रविवारच्या दुपारी तुझ्या गल्लीत काय दिसतं त्यावर चार ओळी लिहून दाखव.