वाचकांचे प्रश्न : बफेलो स्प्रिंगफील्ड

प्रश्न : हा बँड जेमतेम दोन वर्षं टिकला. तरी फोक रॉकचा (लोकगीतांच्या वळणाच्या रॉकचा) विषय निघाला की त्याचं नाव येतंच. असं काय केलं त्यांनी? (वाचक, सांगली)

उत्तर : अल्बम तीन आणि अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या दहांत गेलेलं गाणं एकच, ‘फॉर व्हॉट इट्स वर्थ’. स्टीफन स्टिल्स, नील यंग, रिची फ्युरे, ब्रूस पामर आणि ड्युई मार्टिन एप्रिल १९६६ मध्ये लॉस एंजेलिसला जमले. ५ मे १९६८ ला लाँग बीचला शेवटचा कार्यक्रम झाला. पामर यांना गांजाच्या प्रकरणात कॅनडाला परत पाठवलं गेलं आणि यंग मधूनमधून बँड सोडून जात, त्यामुळे घडी कधी बसलीच नाही.

प्रभाव शोधायचा तर माणसं पुढे कुठे गेली ते पाहा. स्टिल्स ‘क्रॉस्बी, स्टिल्स अँड नॅश’मध्ये गेले, १९६९ मध्ये यंगही तिथे आले. फ्युरे आणि शेवटच्या काळात बेस सांभाळणारे जिम मेसिना यांनी ‘पोको’ हा बँड काढला आणि पेडल स्टील गिटार (आडवी ठेवून, तारांवर धातूचा तुकडा सरकवून वाजवायची गिटार) रॉकमध्ये वापरली. पोकोचे पहिले बेसवादक रँडी माइझनर ‘ईगल्स’च्या संस्थापकांपैकी एक. आपल्याकडे गिटार हातात घेणारा प्रत्येक जण जे ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ वाजवू पाहतो, त्यातला बेस त्यांचाच. १९७७ मध्ये ते बाहेर पडल्यावर त्यांच्या जागी आलेले टिमथी श्मिट हेही पोकोचेच!

प्रश्न : ‘फॉर व्हॉट इट्स वर्थ’ आम्ही तिघे बसवतोय. कॉर्ड बरोबर असूनही गाणं तसं लागत नाही. (वाचक, पणजी)

उत्तर : कडव्याला एक बार (चार ठोक्यांचं आवर्तन) ई मेजर, एक बार ए मेजर, एवढंच. ध्रुवपदात ई, डी, ए, सी, प्रत्येकी एक बार. लय मिनिटाला शंभर ठोक्यांच्या आसपास ठेवा. कॉर्ड सोपे असल्यामुळे हात आपोआप पळतो, म्हणून पहिले काही दिवस मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) लावाच.

खरी गंमत दुसऱ्या गिटारच्या दोन हार्मोनिक्सची (तार न दाबता, नुसती टेकवून काढलेल्या घंटेसारख्या सुरांची) आहे. पहिल्या आणि दुसऱ्या तारेवर (ई आणि बी) बोट बाराव्या फ्रेटच्या धातूच्या पट्टीच्या अगदी वर, तार न दाबता टेकवा. उजव्या हाताने ब्रिजजवळ छेडा आणि लगेच बोट उचला. बोट रेंगाळलं तर सूर मरतो. पट्टीच्या जरा मागे पडलं तर नुसती ‘टक्’ येते. तारा जुन्या असतील तर कितीही नीट छेडा, सूर घुमणार नाही. अकूस्टिकवाल्याने सहाही तारा जोरात झोडू नयेत, त्यात हार्मोनिक्स बुडतात.

गाताना आवाज चढवू नका. अनेकांना हे व्हिएतनाम युद्धाविरुद्धचं गाणं वाटतं, पण ते लिहिलं गेलं नोव्हेंबर १९६६ मध्ये लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिप या रस्त्यावर संचारबंदीवरून तरुण आणि पोलिस भिडले त्यावर. त्यातला माणूस घोषणा देत नाही, जे चाललंय ते पाहून सावध करतो. १९९८ मध्ये ‘पब्लिक एनिमी’ने हेच सूर हिप-हॉपमध्ये घेतले तेव्हा गायला स्वतः स्टिल्स होते.

प्रश्न : पहिल्या अल्बमची जुनी एलपी मिळतेय. छपाई कोणती, कसं ओळखायचं? (वाचक, पुणे)

उत्तर : लेबलवरची गाणी वाचा. ‘बेबी डोन्ट स्कोल्ड मी’ असेल तर १९६६ च्या अखेरची पहिली आवृत्ती. ते काढून पहिल्या बाजूच्या सुरुवातीला ‘फॉर व्हॉट इट्स वर्थ’ घातलं असेल तर मार्च १९६७ किंवा नंतरची. ऐकण्यासाठी घेत असाल तर मोनो (सगळा आवाज एकत्र असलेली) शोधा; स्टिरिओत आवाज फाटून दोन टोकांना गेल्यासारखे वाटतात.